सिग्नेचर बेस गिटार : पारख, निवड आणि खर्च

कॅनडातील 'रश' या बँडचे बेसवादक गेडी ली यांनी सत्तरच्या दशकात अमेरिकेतील मिशिगन राज्यात, कॅलामझू येथील गहाणवटीच्या एका दुकानातून १९७२ सालची काळी फेंडर जॅझ बेस दोनशे डॉलरला विकत घेतली. तिच्यावर तेव्हा कोणाचीही सही नव्हती. १९९८ मध्ये फेंडर कंपनीने त्याच बेसवरून त्यांच्या नावाचे सिग्नेचर मॉडेल काढले, आणि आज त्याची अमेरिकेत बनलेली आवृत्ती घ्यायची तर त्या दोनशे डॉलरच्या सुमारे दहापट किंमत मोजावी लागते. मधल्या वर्षांतील महागाई हिशेबात धरली तरी हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे, हा प्रश्न उरतोच आणि आवडत्या वादकाच्या नावाची बेस घेण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने तो आधी सोडवायला हवा.

माझे मत असे आहे, की सिग्नेचर मॉडेल ही त्या वादकाने वर्षानुवर्षे वाजवून पक्क्या केलेल्या मापांची आणि फेरफारांची यादी असते. नेक (तारा दाबण्याची लांब मान) किती रुंद, पिकअप (तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा चुंबकीय भाग) कोणता आणि कुठे बसवलेला, तारा कोणत्या, ब्रिज (देहावर तारा अडकवलेला भाग) कोणता, बटणे किती, हे सगळे त्या यादीत असते. ती वाचता आली, की त्यातल्या कोणत्या गोष्टी आपल्या हाताला आणि कानाला हव्या आहेत ते कळते, आणि त्या बहुतेक वेळा पुष्कळ कमी खर्चात मिळवता येतात. क्वचित असेही लक्षात येते, की आपल्याला हवे ते सगळे नेमके त्याच मॉडेलात आहे. मग ते निःशंकपणे घ्यावे.

आधी मूळ घराणी ओळखा

बाजारातील बहुतेक सिग्नेचर बेस तीनचार मूळ रचनांवर उभ्या असतात. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे प्रिसिजन बेस बनवली. उभ्या डबल बेसच्या गळ्यावर पडदे नसतात, त्यामुळे सुराचा नेमका ठाव बोटांनाच घ्यावा लागतो. या नव्या वाद्यावर सतारीसारखे पडदे, म्हणजे फ्रेट, असल्यामुळे सूर अचूक लागे, म्हणून तिचे नाव प्रिसिजन. तारेची कंप पावणारी लांबी, म्हणजे स्केल, ३४ इंच ठेवली गेली आणि आजही बहुसंख्य बेस त्याच मापाच्या आहेत. १९५७ मध्ये तिला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप मिळाला. त्या रचनेत विजेची गुणगुण आपोआप नाहीशी होते, आणि आवाज मधल्या पट्टीत, म्हणजे खर्ज आणि तार यांच्या मधल्या भागात, असा भरीव येतो, की ढोल, कीबोर्ड आणि गायक यांच्या गर्दीतही तो हरवत नाही.

१९६० मध्ये आलेल्या जॅझ बेसचा नेक नटजवळ, म्हणजे डोक्याकडच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीजवळ, बारीक, सुमारे ३८ मिलिमीटर असतो. प्रिसिजनचा साधारण ४१ ते ४४ मिलिमीटर. जॅझ बेसवर दोन स्वतंत्र पिकअप असतात. दोन्ही पूर्ण उघडले, की आवाज स्वच्छ आणि गुणगुणीविना येतो. फक्त ब्रिजजवळचा ठेवला, की तो पातळ, धारदार आणि बोलका होतो, पण गुणगुण परत येते. तिसरे घराणे म्युझिक मॅन कंपनीच्या १९७६ सालच्या स्टिंगरेचे. ब्रिजजवळ एकच मोठा पिकअप आणि आत ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रिॲम्प (संकेत ॲम्पकडे जाण्याआधीच वाढवणारे छोटे सर्किट), म्हणजे ॲक्टिव्ह रचना, कारखान्यातूनच बसवून देणारी ती पहिली गाजलेली बेस. ॲक्टिव्ह बेस घेणाऱ्याने एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी : वादन संपले, की केबल काढून ठेवावी. केबल जॅकमध्ये असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते आणि ती नेमकी कार्यक्रमाच्या संध्याकाळी दगा देते.

चौथे घराणे आखूड स्केलच्या बेसचे. जर्मनीतील हॉफनरची व्हायोलिनच्या आकाराची ५००/१ आणि फेंडरची १९६६ मधील मस्टँग या दोन्हींचे स्केल ३० इंचांच्या आसपास आहे. लहान हाताच्या व्यक्तीला, किंवा गिटारवरून बेसकडे वळणाऱ्याला, हे माप फार सुखाचे पडते. ते 'शिकाऊ' माप आहे असे सांगून कोणी नाउमेद केले, तर बीटल्सची ध्वनिमुद्रणे ऐकावीत.

आपल्या हाताची आणि आपल्या संगीताची मापे

वादकाचे नाव मनात असले तरी दुकानात जाण्यापूर्वी चार मापे कागदावर लिहून ठेवावीत : स्केलची लांबी, नटजवळची रुंदी, ब्रिजवरील दोन तारांमधले अंतर आणि वजन. फेंडर पद्धतीच्या चार तारांच्या बेसवर ब्रिजपाशी दोन तारांत साधारण १९ मिलिमीटर अंतर असते. अंगठ्याने मारून वाजवण्याच्या, म्हणजे स्लॅपच्या, शैलीला ही मोकळीक उपयोगी पडते. पाच तारांच्या अनेक बेसवर हे अंतर १६ ते १८ मिलिमीटरपर्यंत उतरते. मी स्वतः एका आवडत्या वादकाच्या प्रेमापोटी पाच तारांची, दाट अंतराची बेस न वाजवता मागवली होती. आवाजात काही उणे नव्हते, पण माझा अंगठा प्रत्येक वेळी शेजारच्या तारेवर आदळे, आणि वर्षभरात ती दोनतृतीयांश किमतीला विकावी लागली. त्यानंतर हे माप पाहिल्याशिवाय मी कोणतीही बेस हातात घेतलेली नाही.

पाचवी तार हवी की नको, हे कोणत्या संगीतात वाजवणार यावर ठरवावे. पाश्चात्त्य रॉकमध्ये पुष्कळ गाणी गिटारच्या मोकळ्या तारांच्या सोयीने रचलेली असतात, म्हणून चार तारा पुरतात. आपल्याकडे, ऑर्केस्ट्रात किंवा सुगम संगीताच्या मैफलीत, पट्टी गायक ठरवतो. गायिकेने 'काळी दोन' सांगितली, तर तो षड्ज चार तारांच्या बेसवर सर्वांत खालच्या मोकळ्या ई तारेच्याही अर्ध्या स्वराने खाली जातो. म्हणजे बेसवादकाला तो वरच्या सप्तकात, ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर घ्यावा लागतो आणि गाण्याचा तळ उचलल्यासारखा होतो. पाच तारांच्या बेसवर तोच षड्ज खालच्या बी तारेच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो. अशा मैफली नियमित करणाऱ्याने, आवडता वादक चार तारांचा असला तरी, पाच तारांची बेस घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. मात्र ती बी तार सैल आणि धूसर वाजत नाही ना, हे तपासावे. तिचा मोकळा स्वर सेकंदाला ३१ कंपनांच्या जवळपास असतो आणि तो स्पष्ट यावा यासाठी काही कंपन्या स्केल ३५ इंच करतात.

वजनाकडे तरुण वादकांचे दुर्लक्ष होते. साधारण ३.५ ते ४.५ किलो या पट्ट्यात बहुतेक बेस येतात, पण त्या एका किलोचा फरक तीन तासांच्या कार्यक्रमानंतर खांद्याला कळतो. पट्टा लावून उभे राहावे आणि दोन्ही हात सोडावेत. नेक जमिनीकडे झुकू लागला, तर डावा हात पुढे कायम वाद्य सावरण्यात गुंतणार हे समजावे.

सही कशी वाचावी

अमेरिकी बेसवादक मार्कस मिलर यांच्या बेसची कथा या वाचनाचा उत्तम धडा आहे. त्यांची बेस १९७७ सालची जॅझ बेस, ॲश लाकडाचा देह आणि मेपलचा फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची बोटे टेकवायची फळी, असलेली. न्यूयॉर्कचे कारागीर रॉजर सॅडोस्की यांनी तिच्यात प्रिॲम्प बसवला आणि ब्रिजही बदलला गेला. सत्तरच्या दशकात फेंडरने जॅझ बेसचा मागचा पिकअप सुमारे एक सेंटिमीटर ब्रिजकडे सरकवला होता, त्यामुळे आवाजाची धार आधीच वाढलेली होती. प्रिॲम्पने खर्ज आणि तार दोन्ही उचलले आणि स्लॅपचा तो लखलखीत आवाज तयार झाला. फेंडरने १९९८ मध्ये त्यांच्या नावाचे मॉडेल काढले. पुढे मिलर यांनी सायर या कोरियन कंपनीशी हात मिळवला आणि इंडोनेशियात बनणाऱ्या, त्यांच्याच नावाच्या, कितीतरी कमी किमतीच्या बेस बाजारात आल्या. म्हणजे इथे सही आणि महागपणा यांची फारकत झाली. ज्याला हा आवाज हवा आहे त्याने देहाचे लाकूड, मागच्या पिकअपची जागा आणि मधल्या पट्टीवर ताबा देणारा प्रिॲम्प या तीन गोष्टी पाहाव्यात. माझ्या अनुभवात सायरच्या मधल्या श्रेणीतील बेस हाती घेतल्यावर दुप्पट किमतीच्या वाद्याची आठवण होते. फक्त त्यांतील काही जड असतात, म्हणून वजन विचारून मगच मागवावे.

गेडी ली यांच्या मॉडेलात मुख्य गोष्ट नेकची आहे. तो पातळ, झपाट्याने वर-खाली जाता येईल असा आहे, आणि ब्रिज जाड व वजनदार. इलेक्ट्रॉनिक्स मात्र साधी, बॅटरीविना चालणारी. मोठ्या तळव्याच्या माणसाला हा नेक अपुरा वाटू शकतो, म्हणून हे मॉडेल न वाजवता घेऊ नये.

जॅझचे बेसवादक जॅको पास्तोरियस यांची १९६२ सालची जॅझ बेस फ्रेटविरहित होती. फ्रेट काढलेल्या फिंगरबोर्डवर त्यांनी इपॉक्सीचा कडक थर दिला होता, कारण त्यांच्या राउंडवाउंड, म्हणजे गोल वेटोळ्यांच्या खरबरीत तारा उघडे लाकूड झिजवतात. त्यांच्या पावलावर पाऊल टाकून फ्रेटलेस घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे : रोझवुडच्या उघड्या फिंगरबोर्डवर तशा तारा चढवल्या, तर काही महिन्यांत चरे दिसू लागतात. तेथे फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट गुळगुळीत तारा लावाव्यात किंवा थर दिलेला फिंगरबोर्ड निवडावा. ज्याचा कान सुगम किंवा शास्त्रीय गाण्यावर तयार झालेला आहे त्याला फ्रेटलेसवर मींड घेण्याचा जो आनंद मिळतो तो फ्रेटच्या बेसवर मिळणे कठीण. पण पहिली आणि एकमेव बेस म्हणून ती घेऊ नये, कारण स्टेजवर स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसताना सूर सांभाळणे अवघड जाते.

सर्वांत स्वस्तात साधता येणारी 'सही' बेसवादक जेम्स जेमर्सन यांची आहे आणि मला ती मनापासून प्रिय आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातील असंख्य ध्वनिमुद्रणांवर वाजलेली त्यांची १९६२ सालची प्रिसिजन बेस अगदी साधी होती. तिच्यावर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या, त्या ते तुटेपर्यंत बदलत नसत, आणि उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवत. ब्रिजवरील झाकणाच्या आतला फोमचा तुकडा तारांना किंचित दाबून ठेवी, म्हणून स्वर लांबत न जाता गोल आणि आखूड उमटे. हा आवाज हवा असेल तर बॅटरीविना चालणारी कोणतीही बरी प्रिसिजन घ्यावी, फ्लॅटवाउंड तारा चढवाव्यात, ब्रिजपाशी तारांखाली फोमची पट्टी सरकवावी आणि टोनचे बटण अर्ध्याहून खाली आणावे. ला बेला आजही ५२ ते ११० (इंचाचे हजारांश) या जाडीचा जेमर्सन यांच्या पद्धतीचा संच विकते. तो ताणाला फार जड आहे; चढवल्यावर नेकचा बाक तपासून घ्यावा आणि नटच्या खाचा अरुंद पडल्या तर कारागिराकडून रुंद करून घ्याव्यात. नवशिक्याने मात्र त्याहून हलका फ्लॅटवाउंड संच लावणे बरे.

'आयर्न मेडन' या बँडचे स्टीव्ह हॅरिस हेही प्रिसिजन आणि फ्लॅटवाउंड तारांचेच वादक, पण त्यांचा आवाज जेमर्सन यांच्यापासून कोसभर दूर आहे. एकाच जातीच्या बेसवर, एकाच जातीच्या तारांवर, ते बोटे जोराने आपटून वाजवतात आणि खणखणीत नाद काढतात. आवाजाचा किती मोठा वाटा हातात असतो, हे समजायला या दोघांची ध्वनिमुद्रणे एकामागोमाग ऐकावीत.

बीटल्सचे बेसवादक पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये हॉफनर घेतली त्यामागे दोन व्यावहारिक कारणे होती : ती परवडणारी होती, आणि तिचा देह दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे डावखुऱ्या वादकाच्या हातीही विचित्र दिसत नसे. हॉफनरच्या जर्मनीत बनलेल्या बेसबरोबरच स्वस्त श्रेणीही आहेत. पोकळ देहामुळे ती अतिशय हलकी असते आणि मऊ, लाकडी आवाज देते. मोठ्या आवाजाच्या मंचावर मात्र तीच पोकळी शिट्टी मारू लागते. डावखुऱ्यांसाठी इथेच सांगतो : डाव्या हाताची बेस दुकानांत क्वचितच मांडलेली असते, मागणी नोंदवून वाट पाहावी लागते, म्हणून पैसे देण्यापूर्वी परत करण्याच्या अटी लेखी घ्याव्यात.

काही सह्या गोष्टी वाढवत नाहीत, कमी करतात. 'व्हल्फपेक' या बँडच्या जो डार्ट यांच्या म्युझिक मॅन बेसवर पिकअप एक आणि बटणही एकच, आवाज कमीजास्त करण्याचे. बेसवादक गॅरी विलिस यांच्या आयबानेझ फ्रेटलेसवर तारांखाली लाकडाची एक उंच पट्टी असते, तिला रॅम्प म्हणतात. तिच्यामुळे बोटे तारांत खोल रुतत नाहीत आणि हलक्या हाताने वेगात वाजवता येते. असा रॅम्प कोणताही कुशल सुतार किंवा गिटार कारागीर आपल्या बेससाठी करून देऊ शकतो. बेसवादक व्हिक्टर वूटन यांच्या, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील फोडेरा कंपनीच्या बेसची गोष्ट वेगळी. ती मोजक्या कारागिरांनी घडवलेली, कित्येक हजार डॉलरची वस्तू आहे. तिची जोड, तोल आणि फ्रेटकाम यांची नक्कल स्वस्तात होत नाही.

किती पैसे लागतात

पुढील आकडे ढोबळ आहेत. डॉलरचा भाव, आयात शुल्क आणि दुकानातील साठा यांनुसार ते वरखाली होतात. भारतात चांगली पहिली बेस साधारण पंधरा ते पंचवीस हजार रुपयांत मिळते. यामाहाची टीआरबीएक्स मालिका, आयबानेझची जीएसआर आणि कोर्टची ॲक्शन या पट्ट्यात पाहाव्यात. फेंडरच्याच स्क्वायर या नावाखालील ॲफिनिटी श्रेणी त्याच्या थोडी वर, आणि क्लासिक व्हाइब श्रेणी साधारण पंचेचाळीस ते साठ हजारांच्या घरात असते. ज्याला जुन्या फेंडरचा स्वाद हवा आहे आणि नाव कोणते यापेक्षा वाद्य कसे याची काळजी आहे, त्याने क्लासिक व्हाइब वाजवून पाहिल्याविना पुढे जाऊ नये. मेक्सिकोत बनलेली फेंडर लाखाच्या आसपास, अमेरिकेत बनलेली दीड-दोन लाख आणि त्यापुढे. अमेरिकी सिग्नेचर मॉडेले याच वरच्या टोकाला असतात. रिकनबॅकर या अमेरिकी कंपनीच्या बेसला मात्र स्वस्त धाकटी बहीण नाही. ती कंपनी कॅलिफोर्नियातच बनवते आणि आपल्या आकाराची नक्कल इतरांना करू देत नाही, म्हणून तिच्या नावाने कमी किमतीत काही विकायला आले तर सावध व्हावे.

एकूण रकमेतील सगळी बेसवर खर्चू नये. घरच्या सरावाला पंधरा ते चाळीस वॉटचा बेस ॲम्प, किंवा ऑडिओ इंटरफेस (बेस संगणकाला जोडणारी पेटी) आणि चांगला हेडफोन पुरतो. गिटारच्या छोट्या ॲम्पमधून मोठ्या आवाजात बेस वाजवू नये. त्याचा स्पीकर त्या खर्जासाठी बनलेला नसतो आणि फाटू शकतो. रुंद पट्टा, केबल, ट्यूनर, जाड अस्तराची गिग बॅग आणि तारांचा एक जादा संच धरावा. साध्या राउंडवाउंड संचाला दीड-दोन हजारांपासून पुढे पडतात आणि फ्लॅटवाउंडला त्याहून बरेच अधिक. साठ हजारांच्या हिशेबात पंचेचाळीस बेसला आणि पंधरा बाकी गोष्टींना, ही माझी आवडती वाटणी.

परदेशातील नातेवाइकाकडून बेस मागवण्याचा मोह स्वाभाविक आहे. तेथील छापील किंमत कमी दिसते, पण तिच्यात स्थानिक विक्रीकर, विमान कंपनीचे जादा सामानाचे शुल्क आणि इथला सीमाशुल्क मिळवून मगच तुलना करावी, आणि अशा वाद्यावर इथले दुकान हमी देत नाही हेही धरावे. आणायचीच असेल तर कडक पेटीतून, तारा थोड्या सैल करून आणावी. मुंबईत व गोव्यात १८६५ पासूनच्या फुर्टाडोजसारख्या दुकानांत प्रत्यक्ष वाजवून पाहता येते आणि काही बिघडले तर परत जाता येते. या सोयीसाठी थोडे अधिक देणे मला योग्य वाटते.

दुकानात काय तपासावे

बेस आधी ॲम्पला न जोडता वाजवावी. मोकळ्या तारेचा नाद देहात आणि नेकमध्ये जाणवला पाहिजे. त्यानंतर प्रत्येक तारेवर पहिल्या फ्रेटपासून शेवटच्यापर्यंत एकेक स्वर सावकाश घ्यावा. खरखर कुठे येते, स्वर कुठे लवकर मरतो, हे टिपावे. फेंडर पद्धतीच्या नेकवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो. हा त्या रचनेचा स्वभाव आहे, पण तो किती ठळक आहे हे प्रत्येक बेसगणिक बदलते, म्हणून एकाच मॉडेलच्या दोन-तीन बेस वाजवून त्यातली उत्तम निवडावी. नेकच्या दोन्ही कडांवरून हात फिरवावा. फ्रेटची टोके बोचत असतील तर लाकूड सुकून आकसले आहे.

बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि त्याच जागी हलक्या स्पर्शाने काढलेला हार्मोनिक स्वर ट्यूनरवर सारखे यायला हवेत. थोडा फरक ब्रिजवरील स्क्रूने जुळवता येतो. नेकचा बाक पाहण्यासाठी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी. मधल्या भागात, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांच्यात सुमारे ०.३ मिलिमीटर फट असणे चांगले. फट मुळीच नसेल किंवा एखादे जाड कार्ड सहज जाईल इतकी असेल, तर दुकानदाराला ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली बाक जुळवणारी सळी, फिरवून दाखवायला सांगावे. तो फिरत नसेल तर ती बेस तेथेच ठेवावी, मग तिच्यावर कोणाचीही सही असो. शेवटी ॲम्पला जोडून सगळी बटणे फिरवावीत, जॅकमधली केबल हलवून पाहावी आणि ॲक्टिव्ह बेस असेल तर बॅटरी काढूनही ती वाजते का ते विचारावे.

सेटअप आणि पावसाळा

नव्या बेसच्या किमतीत सेटअपचा, म्हणजे तारांची उंची आणि नेकचा बाक जुळवून घेण्याचा, खर्च आधीच धरावा. फेंडरच्या सामान्य नेकसाठी सतराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची सुमारे २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेची २ मिलिमीटर ही सुरुवातीची चांगली मापे आहेत. जोराने वाजवणाऱ्याने थोडी वर ठेवावी. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हवेतील ओलावा लाकडात शिरतो आणि नेकचा बाक बदलतो, विदर्भातल्या उन्हाळ्यात उलटे घडते. म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, बाक तपासावा. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. उजवीकडे फिरवल्यास बाक कमी होतो. फिरवल्यावर तारा पुन्हा सुरात लावून थांबावे, लाकडाला स्थिर व्हायला वेळ लागतो. बेस पेटीत ठेवताना सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा. पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता वाद्याला मानवते.

वापरलेली बेस घेताना

जुन्या बेसमध्ये पैसे खरोखर वाचतात, कारण सेटअप झालेली, सुकून स्थिरावलेली वस्तू निम्म्या-पाऊण किमतीत मिळू शकते. फ्रेटवर तारांनी पाडलेले खोल खड्डे, नेक देहाला बसतो तिथली फट आणि खुंट्यांजवळ डोक्यावर असलेली चिकटवलेली भेग या तीन गोष्टी बारकाईने पाहाव्यात. गिब्सन पद्धतीच्या, मागे झुकलेल्या डोक्याच्या बेसवर ही भेग विशेष आढळते. २०१७ मध्ये रोझवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आल्यावर मेक्सिकोतील फेंडरवर पाव फेरो हे लाकूड वापरले जाऊ लागले. त्या काळातील बेसचा फिंगरबोर्ड फिकट, पिवळसर तपकिरी दिसला तर नकली समजू नये. अनुक्रमांक खोडलेला असेल, किंवा मालक मूळ पावती वा जुने फोटो दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार करू नये.

हाच नियम स्वतःच्या बेसलाही लावावा. जेमर्सन यांची प्रिसिजन त्यांच्या अखेरच्या दिवसांत चोरीला गेली. जॅको यांची बेस १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नाहीशी झाली आणि त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी पुन्हा प्रकाशात आली. मॅकार्टनी यांची हॉफनर १९७२ मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून गेली आणि त्यांच्याकडे परत आल्याची बातमी २०२४ मध्ये आली. घरी आणल्याच्या पहिल्याच दिवशी अनुक्रमांकाचा, डोक्याच्या पुढच्या-मागच्या बाजूंचा, लाकडाच्या रेषांचा आणि प्रत्येक ओरखड्याचा स्पष्ट फोटो काढावा, पावतीची प्रत त्याबरोबर ठेवावी, आणि हे सगळे फोनशिवाय आणखी एका ठिकाणी जपून ठेवावे.